सूडपटातला काळोख भर उन्हातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूडाच्या गूढ वेस्टर्नपटांविषयी (म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदूकबाजांच्या चित्रपटांविषयी) आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा ‘काळोखे वातावरण’ हे शब्द ठरलेले असतात. पण या प्रकारातला सर्वांत गूढ म्हणावा असा ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’ (१९७३) सुरू होतो तोच रणरणत्या उन्हात. या चित्रपटांची ओढ लागते ती प्रेक्षकाला कोणती गोष्ट कधी कळू द्यायची, या हिशेबामुळे. तो एके ठिकाणी चुकला की मागे राहते नुसती ठोकाठोकी. (शेवट खाली उघड केले आहेत. ज्यांना चित्रपट पाहायचे आहेत त्यांनी पत्र तूर्त बाजूला ठेवावे.)

क्लिंट ईस्टवूडने दिग्दर्शित केलेला हा पहिला वेस्टर्न. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराच्या काठी त्यासाठी लागो नावाचे गाव १८ दिवसांत उभारले. नुसत्या दर्शनी भिंती न लावता घरे आतूनही बांधली, त्यामुळे आतली दृश्येही तिथेच घेता आली. सुरुवातीला थरथरत्या तापलेल्या हवेतून एक घोडेस्वार हळूहळू आकार घेतो. तो गावात शिरतो तेव्हा संवाद नाही. टापांचा आवाज आणि गावकऱ्यांच्या नजरा. तेवढ्यात एक गाडीवान चाबूक ओढतो आणि इतका वेळ मख्ख असलेला हा माणूस झटकन मान वळवतो. त्या वेळी प्रेक्षकाला त्यात काहीच दिसत नाही. पुढे त्या घोडेस्वाराला स्वप्न पडते: रस्त्यात तिघे जण मार्शलला, म्हणजे गावात कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याला, चाबकाने मरेस्तोवर मारताहेत आणि गाव उभे राहून बघते आहे. तोच प्रसंग नंतर बुटक्या मॉर्डेकायच्या आठवणीतून येतो. कारण तर तुकड्यातुकड्यानेच कळते: गावाची खाण सरकारी जमिनीवर होती आणि मार्शल ते वर कळवणार होता. आधी दचकणे, मग मार, मग कारण. हाच क्रम सरळ लावला असता तर पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला विचारण्यासारखे काही उरले नसते, आणि नंतर तो अनोळखी माणूस चर्चसकट सगळे गाव लाल रंगवायला लावतो ते निव्वळ विक्षिप्तपणाचे वाटले असते.

खरी मेख मात्र मार्शलच्या भूमिकेत आहे. ती बडी व्हॅन हॉर्नने केली. हा ईस्टवूडचा स्टंटमन, म्हणजे अंगकाठी तीच. चेहरा ओळखीचा वाटतो आणि वाटतही नाही. घोडेस्वार झालेल्या ईस्टवूडने स्वतःच ती भूमिकाही केली असती तर घोडेस्वार म्हणजे मार्शलचे भूत, हे ठरून गेले असते. अगदीच वेगळा नट घेतला असता तर भाऊ किंवा मित्र, एवढेच उरले असते. मूळ पटकथेत घोडेस्वार मार्शलचा भाऊच होता. ईस्टवूडने ते पुसट केले. काही युरोपीय भाषांतल्या डबिंगमध्ये मात्र ‘मी त्याचा भाऊ’ अशा अर्थाचे वाक्य घातले गेले आणि दीड तासाची मेहनत एका वाक्यात वाया गेली. शेवटी मॉर्डेकाय इतके दिवस निनावी राहिलेल्या मार्शलच्या थडग्यावर नाव कोरत असतो. पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्याकडे कसा सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, त्या जातीचे हे बोच लावणे आहे. मराठी प्रेक्षकाला ते समजावून सांगावे लागू नये.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच चित्रपटाच्या पहिल्या भागात नायक एका स्त्रीवर बलात्कार करतो. ते दृश्य तेव्हाही खटकण्याजोगे होते, आजही आहे. गूढतेच्या नावाखाली ते झाकू नये.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये (१९६८) हीच युक्ती जास्त सफाईने येते. हार्मोनिका वाजवणाऱ्याला खलनायक फ्रँक नाव विचारतो, तेव्हा तो फ्रँकनेच मारलेल्या माणसांची नावे सांगतो. आठवणीतली एक धूसर आकृती दर खेपेला थोडी पुढे येते आणि शेवटच्या द्वंद्वापर्यंत स्पष्ट होत नाही. हा चित्रपट टेक्निस्कोपवर घेतलेला आहे. ३५ मिमी फिल्मची एक चौकट एरवी कडेच्या चार भोकांएवढी उंच असते, इथे दोनच. म्हणून १,००० फुटांचे रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटे चालते आणि निगेटिव्ह निम्मी लागते. शिवाय पडदा रुंद करायला चित्र आडवे दाबणारी वेगळी भिंगे लागत नाहीत. साध्या भिंगांनी चेहऱ्याच्या अगदी जवळ जाता येते. नुसत्या डोळ्यांनी भरलेला पडदा त्यामुळे सोपा झाला. तोटा असा की निगेटिव्ह लहान असल्याने काळ्या भागात दाणे दिसतात.

आता बिघडते कुठे? २.३५:१ ची (रुंदी उंचीच्या २.३५ पट) चौकट जुन्या टीव्हीच्या १.३३:१ मध्ये कोंबली की चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो. दोन टोकांना उभे असलेले दोघे मग एकत्र दिसतच नाहीत, आणि मधली रिकामी जागा, जिच्यात सगळा ताण साठवलेला असतो, तीही हरवते. लांबीही बघावी. लिओनेचा चित्रपट १६५ मिनिटांचा. अमेरिकेत तो २० मिनिटांनी छाटून दाखवला गेला. उलट ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’ १०५ ऐवजी १०१ मिनिटांचा दिसला तर लगेच कापाकापीचा आरोप करू नये. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने धावतो, म्हणून तो तेवढा लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो.

आपल्या ‘शोले’लाही (१९७५) हेच माप लावून पाहावे. ठाकूरच्या अंगावरची शाल सुरुवातीपासून डोळ्यांसमोर असते. होळीच्या हल्ल्यात तो बंदूक उचलून देत नाही तेव्हा जय-वीरूंबरोबर आपणही चिडतो, आणि मग शालीखाली हात नाहीत हे कळते. मात्र गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार करण्याचा मूळ शेवट आणीबाणीतल्या सेन्सॉरमुळे बदलावा लागला. पोलीस आले आणि ठाकूरचे पाऊल थांबले.

आपल्या पुरवणीत जुन्या चित्रपटांची शिफारस येते तेव्हा तारांकित नट आणि वर्ष यांच्या जोडीला मिनिटे आणि चौकटीचे प्रमाण छापावे, आणि डब केलेल्या आवृत्तीऐवजी मूळ आवाज व उपशीर्षके असलेली आवृत्ती सुचवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे