दुसरे कलमही वाचा

महोदय,

जपान-अमेरिका सुरक्षा कराराची चर्चा निघाली की सगळे पाचव्या कलमावर बोलतात, म्हणजे जपानवर हल्ला झाला तर काय यावर. १९६० च्या याच करारातले दुसरे कलम मात्र कोणाच्या गावी नसते. आर्थिक धोरणांतले वाद मिटवण्याचा प्रयत्न करू, सहकार्य वाढवू, असे त्यात दोन्ही देशांनी लिहून दिले आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने जपानी मोटारींवर वाढीव आयातशुल्क लादले, तेव्हा हे कलम बहुधा कपाटात होते! पुढे शुल्क १५ टक्क्यांवर आले, पण त्यासाठी टोकियोला ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा शब्द द्यावा लागला.

जपानमधल्या अमेरिकी लष्करी तळांच्या खर्चाच्या कराराची मुदत मार्च २०२७ अखेरची. त्याखाली जपानने वर्षाला सरासरी २११ अब्ज येन मोजायचे ठरले होते. नूतनीकरणात वॉशिंग्टन आकडा वाढवून मागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. टोकियोने तेव्हा नुसती घासाघीस करू नये, ओकिनावा या आपल्या बेटांच्या प्रांताचाही हिशेब मांडावा. देशाच्या ०.६ टक्के भूभागावर अमेरिकी तळांच्या सुमारे ७० टक्के जमिनीचा भार आहे. तिथला फुतेन्मा हवाई तळ परत करायचे १९९६ मध्येच ठरले, तरी गिनोवान शहराच्या मधोमध तो तीन दशके तसाच राहिला.

– एक वाचक