मेंढपाळ परत कुठे गेले?

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "गुडघ्यांमुळे चर्चची पायरी चढवत नाही, मग यंदा कसला नाताळ?" मी हॉस्पिटलच्या वॉर्डात ड्यूटीवर होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले मागी लोकही, म्हणजे बाळ येशूला शोधत आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, आधी यरुशलेमेलाच गेले. राजा जन्मला तर राजधानीतच असणार, असं त्यांना वाटलं. तिथल्या शास्त्र्यांनी मीखा संदेष्ट्याच्या वचनावरून गाव अचूक सांगितलं, बेथलेहेम. यरुशलेमेपासून जेमतेम नऊ किलोमीटर. पण त्यांच्यातलं कोणी उठून तिकडे गेल्याचं मत्तय सांगत नाही. वचन तोंडपाठ आणि पाय जागचे हलत नाहीत, हे वाचताना मला दर वेळी टोचतं.

मेंढपाळांचं निराळं. त्यांना देवदूताकडून खूण मिळाली ती बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेल्या बाळाची. कुठल्याही गरिबाच्या घरात दिसेल अशी. त्यांनी बाळ पाहिलं आणि देवाचं गौरव करत ते परत गेले, असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. परत म्हणजे कळपाकडेच ना? तीच रात्रीची राखण, तीच थंडी.

मलाही रोज त्याच वॉर्डात परत जायचं असतं. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे चारला ते करताना मनात काही भक्तिभाव दाटून येतो असं नाही. पण प्रभू भेटायचा तर इथेच, असं मी धरून चालते. हात लावण्याआधी आजींना नावाने हाक मारते. माझी प्रार्थना बहुधा तेवढीच.

पुण्याहून नगरला येताना गाडी केडगाववरून जाते (आपलं नगरचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं), तेव्हा तिथे मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. त्यांना खाऊ घातलं, लिहायला-वाचायला, विणायला, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकवलं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शेती, स्वयंपाक, छापखाना आणि उपासना त्यांच्याकडे एकाच दिवसात, एकाच आवारात चालायची. मला ते फार मोठं वाटतं.

चर्चला जाता येत नाही याचं दुःख मी हलकं मानत नाही, बाबा. तुम्ही तबल्यावर आणि अख्खी मंडळी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतेय, हे मलाही हवंय. पण पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घरी आणतो म्हणाले, तेव्हा तुम्ही "कशाला त्रास" म्हणून नकार दिलात, असं आईकडून कळलं. हो म्हणा ना. लोकांच्या आजारपणात तुम्ही आयुष्यभर धावलात. मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू स्वतःला समाचाराला जाणाऱ्यांत नाही, आजाऱ्यात मोजतो. म्हणजे यंदा मंडळीतल्या लोकांना तो तुमच्या खाटेपाशी भेटायचा आहे. त्यांची वाट तुम्ही का अडवायची?

आणि आई, बाबांच्या गुडघ्यांना तेल लावण्यात, रात्री उठण्यात तुझं बायबल वाचन राहून जातं म्हणून तू खंत करतेस. करू नकोस. तुझे हात वाचनच करताहेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

२४ आणि २५ला माझी ड्यूटी आहे, २७ला सकाळच्या गाडीने येते. अनारशांचं पीठ एकटीने मळत बसू नकोस. माळ्यावरचा तबला शेजारच्या मुलाकडून काढून घे. नाताळची गाणी म्हणत कॅरल पार्टी आली की सगळ्यांना आत बसव आणि बाबांना ठेका धरू दे. गुडघेदुखीच्या गोळ्या जेवणानंतरच द्यायच्या, उपाशीपोटी नाही.

तुमची लेक