बाबा, खुर्च्यांसाठी पैसे पाठवू नका

बोरिवली,
८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जुन्या खुर्च्या कसल्या रंगवत बसतेस? नव्या घे, मी पैसे पाठवतो." बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, तिकडे तुमचा टीव्हीही चालू होता, त्यामुळे माझं सांगणं अर्धवट राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते. आई, तू हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

तर पैसे पाठवू नका. चार खुर्च्या घरी आल्या आहेत. दोन रंगवून झाल्या, दोन प्रायमर लावून गच्चीवर आहेत. नव्या परवडत नाहीत म्हणून मन मारून जुन्या घेतल्या, असं मनात आणू नका. पैसे वाचले हे खरंच, पण वस्तूही नव्यापेक्षा सरस मिळाली आहे.

मे महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा आम्ही सगळे खाली पाटावर आणि बाबा पलंगाच्या कडेला ताट मांडीवर घेऊन, असं जेवण व्हायचं. बाबा कधी काही बोलले नाहीत. पण आमटीची वाटी सांभाळत ते एकटेच वर बसायचे, ते मला फार लागलं. गुडघ्यांमुळे मांडी सुटली, इलाज नाही, पण पंगत सुटायला नको. शेजारच्यांनी घर बदलताना त्यांचं डायनिंग टेबल आम्हाला देऊन टाकलं, त्याच दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा सगळे एका उंचीवर बसून जेवायचं.

नव्या खुर्च्या बघितल्या होत्या. टेबलासकट सेट बत्तीस हजारांच्या पुढे, आणि सुट्या घ्याव्यात तर आपल्या टेबलाला जुळणाऱ्या नाहीत. दिसायला छान होत्या, पण एक उलटी करून बघितली तर आतून पार्टिकल बोर्ड. ते बघून मला २२ जुलै २०२१ आठवली. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरून ओसरल्यावर आपलं नवं कपाट कसं झालं होतं, आठवतंय ना? कडा फुगलेल्या, स्क्रू हातानं निघत होते, आणि दार धरलं की भुसा गळत होता. लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेला, त्यात पाणी शिरलं की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. चिपळूणभर रस्त्याकडेला असल्या फर्निचरचे ढीग पडले होते. आणि आजोबांची सागवानी खुर्ची? बाबांनी ती नळीनं धुतली, सावलीत वाळवली, सांधे आवळले, आणि आज आई तिच्यावर बसूनच शेंगा सोलते. मग मी नवीन म्हणून चुरा का विकत घेऊ?

म्हणून आम्ही जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात गेलो. मोडलेल्या वाड्यांचे दरवाजे, बंद पडलेल्या ऑफिसांची टेबलं, आरामखुर्च्या, सगळं तिथे येतं. बाबा, इराण्याच्या हॉटेलातल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याही होत्या! तुम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षांत ज्यांच्यावर बसून ब्रून-मस्का खायचात, तशाच. मी मुद्दाम वाचून काढलं. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटनं १८५९ मध्ये ती खुर्ची काढली. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करायचं आणि साच्यात वाकवायचं. अख्ख्या खुर्चीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती बोटीनं जगभर गेली. मला मोह झाला होता. पण तिला हात नसतात, बैठक गोल आणि आखूड, आणि हल्ली शोभेसाठी घेणारे फार झाल्यामुळे भावही चढलेला. बाबांना उठताना टेकायला हात हवेतच. म्हणून ती सोडली.

आपल्या चारही खुर्च्या कुठल्याशा कचेरीतून निघालेल्या आहेत. दोन हातांच्या, दोन बिनहातांच्या. हातांच्या अकराशेला एक, साध्या सातशेला एक. दुकानदार आधी दीडपटीनं सांगत होता. घेताना बाबांनी शिकवलेलं सगळं केलं. उचलून वजन बघितलं, समोरासमोरचे पाय धरून हलवून पाहिल्या, उलट्या करून बैठकीखाली नखानं खरवडलं. हातांच्या दोन्ही अस्सल सागवानी निघाल्या. साध्या दोन जंगली लाकडाच्या आहेत, पण घट्ट. एका तिसऱ्या जोडीला बारीक भोकं होती आणि टिचकी मारली की पिठासारखी भुकटी पडत होती, म्हणजे कीड अजून आत जिवंत. ती जोडी फुकट दिली असती तरी घेतली नसती. आणि आई, ढेकणांची काळजी करू नकोस. वेताच्या बैठका तशाही फाटलेल्या होत्या, त्या तिथेच काढून टाकायला लावल्या, आणि घरात आणण्याआधी फटीफटीत उकळतं पाणी ओतून दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या.

आता बाबांचा खरा आक्षेप. सागवानाला रंग फासायचा म्हणजे पाप! बाबा, मीही आधी पॉलिशच करणार होते. पण त्या खुर्च्यांवर आधीच तपकिरी ऑइल पेंट होता, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळट. सगळं लाकडापर्यंत खरवडायचं म्हटलं तर धुरळा फार, आणि तो धुरळा साधा नाही. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक. छोटी घरात हिंडते, दिसेल ते तोंडात घालते. म्हणून जिथे जुना रंग घट्ट होता तिथे तो उखडलाच नाही, वर नवा रंग धरेल इतपत खरखरीत केला. पोपडे होते तेवढेच काढले, तेही वॉटर पेपरनं, ओलं घासून, गच्चीवर, मास्क लावून. खालचा सगळा चिखल वर्तमानपत्रावर गोळा केला आणि पिशवीत बांधून टाकला. कोरडं घासून धुरळा उडवायचा नाही, एवढं कोणी जुनं फर्निचर रंगवत असेल त्याला मी आवर्जून सांगते.

शिवाय चारांची लाकडं वेगळी, एकाच्या पाठीला कधीतरी दुसऱ्याच लाकडाची पट्टी मारलेली. पॉलिश केलं असतं तर चार घरच्या चार दिसल्या असत्या. रंगानं त्या एका घरच्या होतात. आणि तुमच्या सागवानाचा मान मी ठेवला आहे. हातांच्या खुर्च्यांचे हात रंगवलेले नाहीत. तिथे रोज तळवा घासणार, रंग तिथूनच आधी झिजतो. म्हणून तेवढ्या भागाचं लाकूड जपून उघडं केलं, ओलं घासतच, आणि अळशीचं उकळलेलं तेल फडक्यानं चोळून चोळून जिरवलं. काय रेषा आल्या आहेत म्हणून सांगू! एका हातावर गाठीभोवती वळसा घेऊन गेलेली रेषा आहे, ती खुर्ची बाबांची. (तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात. मी पाण्यात भिजवून, पसरून वाळवली.)

सगळ्यात जास्त जीव मी सांध्यांवर लावला. दोन खुर्च्यांचे मागचे पाय डुगडुगत होते. बाहेरून खिळा मारला की महिनाभर गप्प राहतात, मग लाकूडच चिरतं. म्हणून लाकडी हातोडीनं हलके ठोकून सांधे पूर्ण सोडवले. आत काळपट, काचेसारखा वाळलेला सरस, म्हणजे सुतारांचा जुना डिंक, होता. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं की तो फुगतो, मऊ होतो, आणि कुबट वास येतो, मग पटाशीच्या टोकानं खरवडून निघतो. तो पूर्ण काढल्याशिवाय फेविकॉल लाकडात शिरत नाही, सरसावरच बसतो आणि पहिल्या जोराला सुटतो. सांधा कोरडा करून दोन्ही अंगांना फेविकॉल लावला. सांधा दाबून धरायला शिकंजा नव्हता, म्हणून चारही पायांभोवती सुती दोरी दुहेरी गुंडाळली, मध्ये काठी घातली आणि पीळ दिला. सांध्यातून फेविकॉलची बारीक पांढरी रेघ चहूबाजूंनी बाहेर आली की समजायचं, आत सगळीकडे पोचला. ती ओल्या फडक्यानं लगेच पुसली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. आता तुमचे जावई, ऐंशी किलोचे, मागचे दोन पाय टेकवून मुद्दाम डुलतात तरी आवाज येत नाही. डुलू नका म्हणून सांगून मी थकले.

बाकीचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. सोड्याच्या पाण्यानं धुणं, खिळ्यांच्या भोकांत लांबी (पुट्टी) भरणं, मग घासणं. सागवान तेलकट असतं, म्हणून जिथे लाकूड उघडं पडलं होतं तिथे प्रायमरच्या आधी थिनरचं फडकं फिरवलं, नाहीतर रंग धरत नाही. प्रायमर वाळल्यावर २२० नंबरचा पेपर हलका, मग इनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात दिला की ओघळ येतात, विशेषतः पायांच्या आतल्या बाजूला. खुर्ची आधी उलटी ठेवून पाय रंगवायचे, मग सरळ करून पाठ. पावसाळ्यात हे काम काढलंच नसतं, दमट हवेत ऑइल पेंट चिकचिकीत राहतो. आत्ता हवा कोरडी आहे, एका रात्रीत हाताला लागेनासा होतो. तरी आतून पिकायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही येईपर्यंत खुर्च्या गच्चीवरच्या खोलीत राहतील, वासही जाईल. रंग बाटलीचा हिरवा घेतला आहे. आई, आपल्या जुन्या घराच्या खिडक्यांचा होता तोच. सागवानी हातांशेजारी तो फार शोभतो.

खर्च सांगते म्हणजे बाबांना झोप लागेल. खुर्च्या छत्तीसशे, टेम्पो सातशे, रंग-प्रायमर-पेपर-ब्रश सगळं मिळून एकोणीसशेच्या आसपास, बैठकीचे प्लाय, फोम आणि शिलाई सोळाशे. आठ हजारांच्या आत चार खुर्च्या. वेत पुन्हा विणून घ्यायचं मनात होतं, पण विणणारे कमी झाले आहेत आणि मजुरी एका बैठकीला खुर्चीच्या किमतीएवढी सांगतात. पुढे कधीतरी करीन. विणणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे मिळायलाच हवेत, ते मला कमी करून मागायचे नाहीत.

आता एका गोष्टीला मला तुमची मदत लागेल. टेबल जमिनीपासून तीस इंच आहे, पण त्याच्या खालच्या पट्टीमुळे आत सव्वीस इंचच मोकळे मिळतात. खुर्चीचे हात साडेपंचवीसला आहेत, म्हणजे जेमतेम आत जातात. बैठक अठरा इंचांवर. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या की बसल्यावर बाबांचं कंबरडं गुडघ्यापेक्षा किंचित वर असलं तर उठायला सोपं जातं. मी आधी पायांखाली ठोकळे लावणार होते, पण मग हात टेबलाला अडतात आणि खुर्ची पुढे ओढता येत नाही. म्हणून उंची गादीनंच द्यायची, आणि गादी कडक फोमची, दाबली तर फार न बसणारी. पायांना खाली रबरी बूट बसवते, म्हणजे बाबा हातांवर जोर देऊन उठतील तेव्हा खुर्ची फरशीवरून मागे सरकणार नाही.

तर आई, बाबांना आजोबांच्या खुर्चीवर ताठ बसव, चप्पल काढून, पाऊल पूर्ण जमिनीला टेकवून. टेपनं गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचं माप घे आणि इंचांत कळव. तुझंही घे, तुझी खुर्ची तुझ्या मापाची होईल. गादीवाला रविवारी फोम कापणार आहे, म्हणून शनिवारपर्यंत फोन कर. आणि मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढताना ठाण्यापर्यंतचीच काढा, आम्ही स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमची,
ताई