रँकिंग का बघत नाहीये

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या पीएचडीसाठी "पहिल्या दहातलं विद्यापीठ का नको?" असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही. समाजशास्त्राचं रँकिंग म्हणजे बहुतांशी प्राध्यापकांनी एकमेकांच्या विभागांना दिलेले गुण. मला हवं ते सरकारी धोरणाचं काम कुठे खरंच होतं, ते त्यात दिसत नाही.

वेबसाइटवर 'धोरण' हा शब्द सगळेच लिहितात. म्हणून मी आधी तिथून पीएचडी झालेले कुठे लागले ते बघते. सगळेच प्राध्यापक झाले असतील, तर यादीतून नाव कमी. तिथलं जनगणना खातं किंवा अर्बन इन्स्टिट्यूट, रँड यांसारख्या धोरणावर संशोधन करणाऱ्या संस्था अशी नावं असली तर पुढे वाचायचं. मिशिगनला समाजशास्त्राबरोबर सार्वजनिक धोरण किंवा समाजकार्याची जोड-पीएचडी आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसनला गरिबीवर संशोधन करणारी संस्था 1966 पासून आहे. अशी संस्था हाताशी असली की सरकारी आकडेवारी मिळवायची वाट आधीच पडलेली असते.

फसगत होते ती दोन ठिकाणी. विद्यार्थी एखाद्या खात्यासाठी वर्षभर राबून अहवाल लिहितो आणि प्रबंधात तो धरतच नाहीत. हे विभागप्रमुखाला विचारून उपयोग नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारायचं. दुसरं, सगळा डोलारा एकाच प्राध्यापकावर असतो. ते निवृत्त झाले की मार्गदर्शक शोधत फिरा. माझ्या विषयाचे निदान तिघे हवेत.

आई, पैशाचं असं आहे की तिथल्या एमएची फी बहुतेक वेळा घरूनच भरावी लागते. पीएचडीला चांगल्या विभागांत फी माफ आणि वर विद्यावेतन, बदल्यात आठवड्याला साधारण वीस तास शिकवायचं किंवा संशोधनात हातभार लावायचा. म्हणून थेट पीएचडीलाच अर्ज करतेय. विद्यावेतन पुष्कळदा नऊच महिन्यांचं असतं, त्यामुळे किती वर्षांची हमी आणि उन्हाळ्याचं काय, हे लेखीच घेईन. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत अशा ऑफरला 15 एप्रिलपर्यंत उत्तर देता येतं, तेव्हा घाई नाही.

बाबा, नोकरीचं खरं सांगते. पदवीनंतर तिथे एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारे जादा 24 महिने समाजशास्त्राला सहसा मिळत नाहीत. ते पदवीच्या सरकारी कोडवर ठरतं. म्हणून मुंबईत देवनारचं टिसही (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) यादीत ठेवलंय.

अर्जांच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून आहेत. तेवढे माझ्या इथल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचे (अधिकृत गुणपत्रकांचे) लिफाफे आणून ठेवाल का? सीलबंदच राहू द्या, उघडले की बाद.

तुमची,
ताई