परताव्याचे टक्के कोणत्या रकमेवर मोजतात

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

लास वेगासच्या एका कॅसिनोच्या जाहिरातीत स्लॉट मशीनचा, म्हणजे पैसे लावून बटण दाबले की चित्रांची चाके फिरवणाऱ्या जुगाराच्या यंत्राचा, परतावा 95 टक्के असल्याचे वाचून तू परवा फोनवर विचारलेस की, शंभर डॉलर घेऊन बसले तर पाचच डॉलर जातील ना, त्याहून जास्त तर सिनेमाच्या तिकिटाला लागतात. त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. तू सज्ञान आहेस, वयाची 21 वर्षे पूर्ण केलेल्याला नेवाडाचा, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे त्याचा, कायदा त्या यंत्रापुढे बसू देतो, आणि मैत्रिणींबरोबरचा बेत मोडावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु विमा कंपनीत हप्त्यांचे गणित करण्यात ज्याची नोकरी गेली त्याच्या मुलीने, टक्केवारी कोणत्या रकमेवर काढली आहे हे न विचारता ती स्वीकारावी, हे माझ्या मनाला पटत नाही.

तो 95 टक्क्यांचा आकडा तू बरोबर नेलेल्या शंभर डॉलरवर नसतो. तू लावलेल्या सगळ्या डावांच्या बेरजेवर असतो. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळे गणित त्यातच आहे. सराईतपणे बटण दाबणारा माणूस तासाला सहाशे डाव सहज खेळतो. प्रत्येक डाव एका डॉलरचा धरला तर तासाभरात सहाशे डॉलर यंत्रातून फिरतात, मग खिशात सुरुवातीला शंभरच का असेनात, कारण जिंकलेले पैसेही पुन्हा डावावर लागत असतात. सहाशेवर पाच टक्के म्हणजे तासाला सरासरी तीस डॉलर. परतावा 90 टक्के असेल तर साठ. दुसऱ्या बाजूने पाहिलेस तर हे उलटे चालणारे चक्रवाढ आहे: शंभर एकदा पूर्ण फिरवले की पंचाण्णव उरतात, ते फिरवले की नव्वद आणि पाव, आणि चौदाव्या फेरीअखेर निम्म्याहून कमी. एवढ्याला हजारभर डाव लागतात, म्हणजे पावणेदोन तासही नाहीत. परतावा 90 टक्के असेल तर तीच अवस्था सातव्या फेरीत, तासाच्या आत येते. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. प्रत्यक्षात एखादी संध्याकाळ पुष्कळ चांगली जाईल, एखादी पुष्कळ वाईट.

शिवाय जाहिरातीतला आकडा अनेकदा निवडक यंत्रांचा असतो, सगळ्या दालनाचा नव्हे. नेवाडात कायद्याने परताव्याची किमान मर्यादा 75 टक्के आहे, न्यू जर्सीत 83. नेवाडात जुगारावर देखरेख ठेवणारे गेमिंग कंट्रोल बोर्ड दर महिन्याला प्रत्यक्ष आकडे प्रसिद्ध करते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यांत जाहिरात नसते. त्या अहवालांनुसार राज्यभरात एक सेंटच्या यंत्रांवर कॅसिनोचा वाटा, म्हणजे शंभरातून परतावा वजा जाता उरणारे टक्के, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास राहतो, तर डॉलरच्या यंत्रांवर तो सात-आठ टक्क्यांच्या जवळपास असतो. म्हणजे ज्याला स्वस्त म्हणतात तेच यंत्र दर डॉलरमागे जास्त कापते. आणि ते एका सेंटला खेळताही येत नाही. पडद्यावर चित्रे जुळण्याच्या अनेक ओळी असतात आणि एकाच वेळी त्यांतल्या पुष्कळ ओळींवर पैसे लावावे लागत असल्याने एका डावाची रक्कम पाहता पाहता पन्नास-साठ सेंटवर जाते. त्यातही एखाद्या ओळीवर वीस सेंट परत आले की दिवे लागतात, संगीत वाजते आणि पडद्यावर जिंकल्याचा जल्लोष होतो, वस्तुतः त्या डावात तीस-चाळीस सेंट गेलेले असतात. ते वीस सेंटही परताव्यातच मोजलेले असतात, हे लक्षात ठेव.

आता यंत्राच्या आत काय चालते ते सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने ‘लिबर्टी बेल’ नावाचे तीन चाकांचे यंत्र बनवले. प्रत्येक चाकावर दहा चित्रे, म्हणजे एकूण हजार जुळण्या. चाके नीट पाहणाऱ्याला शक्यता स्वतः काढता येत होती. पुढे चाकांवरच्या जागा वाढल्या. 22 जागांच्या तीन चाकांत 10,648 जुळण्या होतात आणि सर्वांत मोठे बक्षीस त्या मर्यादेत बसवावे लागते. ही अडचण 1984 साली इंगे टेलनेस यांच्या पेटंटने दूर केली. त्यात चाक कुठे थांबायचे ते चाक ठरवत नाही. यादृच्छिक संख्या काढणारा संगणक ठरवतो आणि चाक त्याप्रमाणे थांबवले जाते. मग 22 जागांचे चाक आतून 64 जागांचे असू शकते. दिसणाऱ्या सातच्या आकड्याला त्या 64 पैकी एकच संख्या दिली, आणि त्याच्या लगतच्या वरच्या व खालच्या रिकाम्या जागांना पुष्कळ संख्या दिल्या, तर तीन सात जुळण्याची शक्यता 2,62,144 मध्ये एक उरते. शिवाय सात वारंवार ओळीच्या किंचित वर किंवा खाली थांबलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, थोडक्यात हुकले. तसे काही घडलेले नसते. रुलेट या चाकावर गोटी सोडण्याच्या खेळात अमेरिकन चाकाचे 38 खाने डोळ्यांना दिसतात आणि बरोबर आकड्यावर लावलेली रक्कम परत येऊन वर पस्तीसपट मिळते, त्यामुळे कॅसिनोचा 5.26 टक्के वाटा कोणालाही काढता येतो. स्लॉटच्या बाबतीत ती सोय नाही. एकाच नावाचा खेळ निरनिराळ्या परताव्यांवर बसवलेला मिळतो, आणि शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या यंत्रांतला भेद बाहेरून कळत नाही.

परतावा वाटला कसा जातो, हेही पाहायला हवे. समज, वीस जागांची तीन चाके आहेत, म्हणजे आठ हजार जुळण्या. प्रत्येक जुळणी एक डॉलर लावून एकेकदा आली, तर यंत्र आठ हजारांपैकी 7,200 परत देते, अर्थात 90 टक्के. पण त्यांतले दोन हजार एकाच जुळणीवर ठेवलेले असतील, तर ती जुळणी न लागलेल्यांच्या वाट्याला 65 टक्क्यांचेच यंत्र येते, आणि तासाभरात सहाशे डाव खेळणाऱ्या शंभरांपैकी सुमारे 93 जणांना ती लागत नाही. ‘मेगाबक्स’ नावाच्या यंत्रात हीच रचना टोकाला नेलेली आहे. 2003 साली एक्सकॅलिबर कॅसिनोत त्यावर 3 कोटी 90 लाखांहून अधिक डॉलर लागले, पण ती शक्यता जवळपास पाच कोटींत एक अशी आहे. आमच्या विमा व्यवसायात एका माणसाचे आयुष्य किती हे कोणी सांगू शकत नसे, पण लाख माणसांपैकी त्या वर्षी साधारण किती जातील हे सांगता येई आणि त्यावरच कंपनी उभी असे. कॅसिनो त्या जागी असतो. त्याचे डाव कोट्यवधींनी होतात, म्हणून सरासरी त्याच्या हातात येते. तुझे काही शेकडाच होतील.

बराच वेळ काही दिले नाही म्हणून यंत्र आता देईल, हा समजही सोडून दे. प्रत्येक डाव आधीच्या डावांपासून स्वतंत्र असतो. तू उठलीस आणि पुढच्याच बाईला जॅकपॉट लागला, तरी तो तुझा नव्हता. तू बटण वेगळ्या क्षणी दाबले असतेस आणि वेगळी संख्या निघाली असती.

डिसेंबरात इकडे आलीस की मावसभाऊ गोव्याला चलण्याचा आग्रह धरतील. तिथे 1992 च्या कायदादुरुस्तीनंतर पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे आली, आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर बसलीस तरी हिशेबाची रीत हीच लागू होते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, यंत्र कोणते निवडावे. एका डावाची रक्कम, तासाचे डाव आणि कॅसिनोच्या वाट्याचे टक्के यांचा गुणाकार बसण्यापूर्वी करावा, आणि तो आकडा करमणुकीचा खर्च म्हणून मान्य असेल तरच बसावे. डाव लहान ठेवावा आणि सावकाश खेळावे, कारण त्या तिघांपैकी वेग तेवढा पूर्णपणे तुझ्या हातात आहे. आणखी एक लक्षात ठेव: तू तिथे परदेशी विद्यार्थिनी आहेस, त्यामुळे स्लॉटवर मोठे बक्षीस लागल्यास 30 टक्के कर सामान्यतः जागच्या जागी कापला जातो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. हिशेब करताना तेही धर.

तुझा,
बाबा