पैसे कधी येणार, याचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "पैसे कधी यायला लागतील?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

नोकरी सोडून दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायला घेतल्यापासून मी टेक कंपन्यांच्या पहिल्या दिवसांबद्दल मिळेल ते वाचतेय. रात्र-रात्र जागल्याचे किस्से मला फारसे उपयोगी वाटत नाहीत. बुडालेल्या कंपन्यांतली माणसंही जागलीच असणार. पैसे संपत आले तेव्हा ही माणसं कोणाकडे गेली आणि काय बोलली, ते मी शोधते.

एअरबीएनबीचं घ्या, म्हणजे लोकांची घरं पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणारी साइट. 2007 मध्ये ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांना सॅन फ्रान्सिस्कोतलं घरभाडं झेपत नव्हतं. शहरात परिषदेमुळे हॉटेलं भरलेली, तेव्हा त्यांनी घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. पुढे गुंतवणूकदार मिळेनात, क्रेडिट कार्डांवर कर्ज चढलं. 2008 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी ओबामा-मॅकेन या उमेदवारांच्या नावांची सीरियलची, म्हणजे कॉर्नफ्लेक्ससारख्या नाश्त्याची, खोकी 40 डॉलरला एक अशी विकली आणि सुमारे 30,000 डॉलर उभे केले. चेस्कीच्या आईनं विचारलं होतं, म्हणजे आता तुमची सीरियलची कंपनी का? आई, "तू नेमकं करतेस काय?" हा तुझा प्रश्न मला म्हणूनच लागत नाही. तोही त्याच काळजीतून येतो.

खोक्यांनी फक्त दम टिकवला. 2009 मध्येही आठवड्याची कमाई 200 डॉलरच्या आसपास अडकली होती. साइटवर घरांचे फोटोच धड नव्हते. मग दोघं न्यूयॉर्कला गेले, घर भाड्यानं देणाऱ्यांची दारं वाजवली, चांगला कॅमेरा भाड्यानं घेऊन स्वतः फोटो काढले. कमाई दुप्पट झाली.

हे वाचून मी एका छोट्या दवाखान्याच्या काउंटरशी दिवसभर बसले. तिथली ताई रजिस्टरच्या समासात पेन्सिलीनं लिहीत होती: "आजी, जिना चढवत नाही, खालीच तपासा." अशा नोंदीला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये जागा नसते. आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आता अशा नोंदीसाठीच रकाना करतोय, आणि मला ते काम फार मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट एनव्हिडिया या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीची, बाबा, खास तुमच्यासाठी. 1993 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं सेगा या जपानी कंपनीच्या गेम कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) चिप बनवायचं कंत्राट घेतलं होतं. काम बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की निवडलेलं तंत्रच चुकीचं आहे. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग सेगाचे वरिष्ठ अधिकारी इरिमाजिरी यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आमच्याकडून हे होणार नाही, तुम्ही दुसरा भागीदार शोधा. पण पैसे दिले नाहीत तर आमची कंपनी बंद पडेल. इरिमाजिरींनी पैसे दिले. त्यावर कंपनी जेमतेम सहा महिने तगणार होती. तेवढ्यात नवी चिप तयार झाली, रिवा 128, आणि 1997 मध्ये ती चालली. असं खरं बोलूनही बुडालेले कितीतरी असतील, हे मी विसरत नाही.

तर उत्तर: यंदा पैसे येणार नाहीत. साठवलेले आहेत ते वर्षभर पुरतील. तोवर पैसे मोजून वापरणारे पुरेसे दवाखाने मिळाले नाहीत, तर मी नोकरी शोधेन, आणि ते तुम्हाला सगळ्यांत आधी सांगेन. खर्चाचा तक्ता सोबत जोडलाय. बाबा, नजर टाका आणि कुठे कात्री लावता येईल ते कळवा. मला भाड्याची रक्कम जास्त वाटते.

तुमची,
लेक