‘ध’ चा ‘मा’ कुठल्या कागदावर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेशवाईवरच्या दूरचित्रवाणी मालिकांत दरबारातला आरोप एकाच साच्यातून निघतो. खांबाआड दोघी कुजबुजतात, हुजऱ्या तबकातून गुंडाळी आणतो, लाल फीत सुटते, कारभारी खणखणीत आवाजात दोन ओळी वाचतो आणि आरोपीचा चेहरा तीन बाजूंनी दिसतो. निकाल तिथल्या तिथे. नथीचे मोती नि शेल्याचे काठ यांवर पैसा ओतला जातो. पण ज्यावर सगळे नाट्य उभे असते तो कागद मात्र स्नेहसंमेलनातला, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला.

दफ्तरातला कागद असा नसे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर आधी आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्या रेघांना अक्षरे लटकवत बोरू चालवायचा. शब्दांत जागा सोडायची नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. ओल्या शाईवर बारीक वाळू. मजकूर लांबला की खाली दुसरा बंद, म्हणजे कागदाचा तुकडा, चिकटवायचा. कागद महत्त्वाचा असेल तर पाठीमागे त्या जोडावर शिक्का मारायचा, म्हणजे मधला बंद काढून भलताच घालता येत नाही. वर शिक्का, खाली मोर्तब. मजकूर जिथे थांबला तिथेच ‘लेखनसीमा’ उमटवायची, त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये म्हणून. हे ठसे शाईचे असत. लाख लागे ती खलित्याच्या, म्हणजे दरबारी पत्राच्या, थैलीला; मालिकांत ती थेट पत्रावरच ओततात.

एवढी बारकाई ठेवायचे कारण उघड आहे. खोटा कागद हे त्या काळातले चलनी हत्यार होते आणि ते ओळखणे हे कारकुनाचे रोजचे काम.

आता नारायणराव पेशव्यांच्या खुनातला ‘ध चा मा’ घेऊ. नारायणरावांच्या काकांनी, रघुनाथरावांनी, गारद्यांना (भाडोत्री शिपायांना) दिलेल्या चिठ्ठीतले ‘धरावे’ बदलून ‘मारावे’ केले, ही हकीकत इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात आहे. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंचे नाव त्यानेही सार्वत्रिक समज म्हणूनच घातले आहे. ती मूळ चिठ्ठी आज उपलब्ध नाही. पडद्यावर बाई बाळबोध (देवनागरी) ‘ध’ वर बोरू फिरवतात, की झाला मा. मोडीत, म्हणजे दफ्तरातल्या जलद लिपीत, नुसता ‘ध’ चा ‘म’ करून भागत नाही. पुढे कानाही घुसवावा लागतो, तोही अक्षराला अक्षर भिडलेल्या ओळीत, ‘र’ च्या आधी. शाई पुन्हा लागली की डाग दाट होतो आणि दुसऱ्या बोरूची जाडी वेगळी पडते. बदल अशक्य नाही, पण सराईत नजरेला तो दिसतो. कॅमेरा न्यायचाच तर त्या कान्यावर न्या. न्यायाधीश रामशास्त्र्यांपुढे तो कागद आला असेल तर त्यांनी आधी तिथेच पाहिले असणार.

आणि शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना, आनंदीबाईंना नव्हे. मालिकेत मात्र सगळे खापर बाईच्याच माथी फुटते, आणि गारद्यांचा थकलेला पगार, ज्याच्या निमित्ताने ते वाड्यात शिरले, एका संवादात उरकतो.

खून दुपारचा आहे. दिनांक ३० ऑगस्ट १७७३, वाड्यात गणपतीचे दिवस. तरी मशाली, वीज नि पाऊस हवाच! खरे तर दुपारच बरी होती. दगा होणार असा इशारा नारायणरावांना आधी मिळाला होता. बंदोबस्ताचे त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितले आणि हरिपंत जेवायला गेले, असे डफच लिहितो. याहून अस्वस्थ करणारा प्रसंग कोणता लेखक रचणार आहे?

दुसरी ठळक चूक सिंहासनाची. शनिवारवाड्यात सिंहासन नव्हते, गादी होती. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येते: ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’, आणि मग प्रधानाचे. म्हणून सत्तेची खरी ओढाताण सातारहून छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रे कोणाला येतात यावर होती. पुण्यात फौज आणि खजिना हातात असूनही वस्त्रांवाचून रघुनाथरावांचे भागले नाही. उलट बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ ला जन्मलेल्या नारायणरावांच्या मुलाच्या, सवाई माधवरावांच्या, नावे, मूल चाळीस दिवसांचे असताना, पेशवाईची वस्त्रे आणवली. पाळण्यातल्या पोरासाठी घोडेस्वार साताऱ्याची वाट धरतात, हे दाखवायला तलवारबाजीपेक्षा स्वस्तही पडेल.

नाना फडणीस म्हणजे पडद्यावर कोपऱ्यात डोळे बारीक करून उभा असलेला माणूस. त्यांचे बळ फडात, म्हणजे हिशेबाच्या कचेरीत, होते. नेमणूक असो वा पगार, हिशेबाची नोंद झाल्याखेरीज तो पुढे सरकत नसे. ती नोंद अडकवून ठेवणे म्हणजे माणूस अडकवणे. पुण्यात आज कोणत्याही कचेरीत कामासाठी गेलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

न्यायाचेही तसेच. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर (कैफियत) लिहून देत, हजर राहण्याबद्दल जामीन देत आणि पंचांचा निर्णय मानू असा राजीनामा लिहीत. हो, राजीनामा, तेव्हा त्याचा अर्थ कबुली असा होता, पद सोडणे नव्हे. मग साक्षी, मग निवाडपत्र. जिंकणाऱ्याकडून हरकी (खुशीची रक्कम) घ्यायची, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड). पुरावा तुटला तर दिव्य: कढत तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात थैलीत बांधून थैलीवर शिक्का करायचा आणि ती काही दिवसांनी पंचांसमोर सोडायची. मधल्या त्या दिवसांत घरात काय चालत असेल, हे कोणी लिहीत नाही.

या साच्याबाहेरचा विषय हवा असेल तर तोतयाचे प्रकरण घ्या. भाऊसाहेब, म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशवे, १७६१ साली पानपतावर पडले. ‘मीच तो’ म्हणणारा माणूस १७७६ मध्ये कोकणातले किल्ले घेत सुटला. पकडून पुण्यात आणल्यावर त्याची उघड चौकशी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला मारले. हे सगळे होत असताना भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई कुंकू लावून होत्या, कारण पती गेला हे त्यांनी मान्यच केले नव्हते. एका माणसाची ओळख पटवायला दरबार बसला आहे आणि जिने ओळखायचे ती आतल्या चौकात आहे. इथे खांबाआड कुजबुज लागतच नाही.

निर्मात्यांना एवढेच सांगणे की पेशवे दफ्तर पुण्यात आहे, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे आणि मोडी वाचणारी माणसे शहरात सहज मिळतात. भागागणिक दोन-तीन कागद लागतील. ते आधी लिहून घ्यावेत. तारीख इंग्रजी नको. खुनाच्या दिवसाचा कागद असेल तर ‘छ ११ जमादिलाखर, सन अर्बा सबैन मया व अलफ’ (चंद्र ११, सन ११७४) असे घालावे. आणि चहाचे पाणी टाळावे. कागद आज जुना दिसतो, तेव्हा तो नवाच होता.

आपला,
एक मोडी वाचक
नारायण पेठ, पुणे